मौनीबाबाचा थर्मास

मी एक जुना थर्मास आहे, मित्रांनो. बसल्या जागी मला चैन पडत नाही. टेबल जरा हललं की माझं झाकण खुळखुळतं. त्याला कारणही तसंच आहे.

माझी पहिली वीस वर्षं कारखान्यात गेली. लेथवर काम करणारे माझे मालक दुपारच्या सुट्टीत माझ्यातून चहा ओतायचे आणि म्हणायचे, "बघा, अजून कढत आहे!" मी अगदी फुलून जायचो. मग त्यांचा मुलगा कॉलेजात गेला आणि त्यांनी मला त्याच्या बॅगेत ठेवलं.

वसतिगृहात पोराच्या तोंडाला जणू कुलूपच लागलं. खोलीतल्या मुलांनी त्याचं नाव पाडलं मौनीबाबा. एकदा ती पोरं दारूचा पेला पुढे करत म्हणाली, "घे रे, एका घोटानं काय होतंय?" त्यानं नाक मुरडत घेतला. थोड्या वेळानं तो सरांच्या नकला करू लागला आणि पोरांची हसून हसून मुरकुंडी वळली. दारूची चव त्याला कधीच आवडली नाही हो! त्याला ते हसणं आवडलं. पुढे वर्गात चार शब्द बोलायचे तरी आधी घोट लागू लागला. थर्मासवर कोण संशय घेणार? म्हणून दारू माझ्याच पोटात लपली. माझा जीव नुसता टांगणीला.

आणि एका दुपारी वडील न कळवता दारात उभे! "दमलो रे," म्हणत त्यांनी सवयीनं मला उचललं, झाकण फिरवलं.

"बाबा, नको!" मुलगा ओरडला.

पण वास सुटला होता. वडील मटकन खाटेवर बसले. "का रे?"

"प्यायलो नाही तर मला बोलताच येत नाही, बाबा. मग मला कुणी विचारतही नाही."

वडील उठले. त्यांनी मला नळाखाली ओतून रिकामं केलं, तीनदा घासलं, कॅन्टीनमधून चहा भरून आणला. वास काही गेला नव्हता. तरी झाकणात ओतून तोच चहा निम्मा स्वतः प्यायले, निम्मा त्याच्यापुढे केला. "बोल. अडखळलास तरी चालेल. तीनची परतीची गाडी सोडली मी."

मुलगा रडला, अडखळला, पण बोलला. चहा पार गार झाला.

मित्रांनो, तो कायमचा सुटला का, मला ठाऊक नाही. रोज झाकण फिरलं की माझ्या छातीत धस्स होतं, आज काय ओतणार? आजवर चहाच आलाय. तुमच्या खोलीत असा एखादा मौनीबाबा असेल, तर त्याला नुसता चहा पाजा आणि जरा थांबा. वेळ लागतो त्याला, पण तो बोलतो.