चौथ्या बोगद्यावरची सही

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे. देवघरातला नव्हे हं. कन्हानजवळच्या कोळशाच्या खाणीतला. पितळेचं अंग, जाड काच आणि ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी. उजेड पाडण्यात मी पहिल्यापासून यथातथाच. माझं काम भिण्याचं होतं.

हसू नका. कोळशातून एक वायू झिरपतो. त्याला ना रंग, ना वास. तो छताशी दबा धरून बसतो आणि एका ठिणगीसरशी माणसांसकट सगळं उडवून देतो. सरदार, म्हणजे खाणीतल्या जागा तपासणारा माणूस, माझी वात बारीक करून मला हळूहळू छताशी नेई. वायू असला की माझ्या ज्योतीवर निळं टोपडं चढे आणि ते पाहून माणसं मागं फिरत. मी भ्यालो की ती वाचत.

माझा सरदार रुपराव. देवाचा वेडा माणूस. बत्तीघरातून मला घेताना कपाळाला लावायचा, उतारावरून खाली जाताना अभंग गुणगुणायचा. जागा तपासून झाली की तिथल्या भिंतीवर खडूने तारीख घालून सही करायचा. असा भक्त अख्ख्या कन्हानात नाही, असं लोक म्हणत. ते ऐकून मीसुद्धा उगाच फुशारून जायचो.

एकाहत्तर सालच्या चैत्रात मारुतीच्या देवळात सप्ताह बसला. सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, तासातासाचा पहारा असतो. शेवटच्या दिवशी तीनचा पहारा म्हाताऱ्या चंपतरावांचा होता आणि चारचा रुपरावाचा. इकडे त्याची पाळी सुटणार तीनला, आणि सुटण्याआधी पुढच्या पाळीसाठी चार बोगदे तपासायचे होते.

तीन तपासून झाले. चौथ्यात गुडघाभर पाणी होतं. रुपरावाला तर आंघोळ करून, धूतवस्त्र नेसून चारच्या ठोक्याला देवळात हजर व्हायचं होतं. तो तोंडाशीच थांबला, भिंतीवर तारीख घातली, सही ठोकली आणि मारुतीराया सांभाळेल म्हणत वळला. मी त्याच्या कमरेला लटकत होतो. मला तोंड असतं तर ओरडलो असतो हो! आत काय आहे ते मला ठाऊक नव्हतं, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटत होती.

खाणीच्या तोंडाशी दुसऱ्या पाळीची माणसं जमली होती. त्यात कोळसा भरणारा दादाजी होता. छप्पन्न साली धम्म घेतलेल्या घरातला माणूस. रुपरावाने त्याला प्रसादाला पोरं पाठव म्हणून सांगितलं. पाठवतो म्हणाला, आणि फावडं उचलता उचलता सहज बोलून गेला,

"मी काही देव मानत नाही, रुपरावभाऊ. पण भिंतीवर तुमची सही दिसली का मी बेफिकीर कामाले लागतो. बायकोलेही तेच सांगून ठेवलं हाये."

रुपरावाचा चेहरा खर्रकन उतरला. त्याचा हात माझ्या कडीवर आला. सगळ्यांच्या देखत तो म्हणाला,

"थांब गा, दादाजी. कोणी खाली उतरू नका. चौथ्या बोगद्याची सही खोटी हाये. मी आत गेलोच नाही."

मग रुपराव आणि मी, दोघंच परत खाली गेलो. या खेपेला अभंग नव्हता, नुसता पाण्याचा आवाज. बोगद्याच्या टोकाला रुपरावाने माझी वात बारीक केली आणि मला वर नेलं. एक वीत. दोन वीत. निळं टोपडं चढलं आणि चढतच गेलं. माझी ज्योत जाळीभर लांब झाली. बापरे, इतका मी जन्मात भ्यालो नव्हतो! अशा वेळी हात झटकन ओढला तर ज्योत जाळीबाहेर पडून खेळ खलास. रुपरावाने श्वास रोखला आणि तान्हं पोर पाळण्यात ठेवावं तसं मला इंच इंच खाली आणलं. मग ओल्या बाहीने सही पुसून मोठी फुली मारली आणि वाट फळ्यांनी बंद केली.

बाहेर आलो तेव्हा साडेपाच वाजले होते. साहेबांनी रुपरावाला आठ दिवस घरी बसवलं. त्या पाळीचं काम बंद राहिलं, म्हणून दादाजीच त्याला सायकलवर डबलसीट देवळात घेऊन गेला. पुढचं मी बत्तीघरात दादाजीच्याच तोंडून ऐकलं.

चंपतराव तीनपासून वीणा घेऊन उभेच होते, पाय सुजलेले. काळाकुट्ट रुपराव पायरीखाली थांबला. सगळं कबूल केलं आणि म्हणाला, आज वीणेला हात लावायची माझी लायकी नाही. चंपतराव सावकाश पायरी उतरले आणि त्याच्या कोळशाने माखलेल्या गळ्यात त्यांनी वीणा घातली.

"पहाऱ्यावरूनच तं येऊन राहिला गा तू. घे."

पुढे नवी यंत्रं आली आणि मी फळीवर धूळ खात पडलो. रुपराव निवृत्त झाला तेव्हा त्याने साहेबांकडे मला मागून घेतलं. आता मी त्याच्या देवघराशेजारी असतो. पूजेला बसण्याआधी तो रोज माझी काच पुसतो. त्याची बायको गोपिका म्हणते, आधी देव पुसावे. तो माझीच काच पुसत राहतो.

मित्रांनो, माझं पितळ घासलं नाहीत तरी चालेल. पण तुमच्याही सहीच्या भरवशावर कोणीतरी खाली उतरणार आहे. म्हणून थोडं भ्या, आणि सही करण्याआधी एकदा आत जाऊन या.