लग्नाच्या केकची डबी

बाबांना रात्री उठून तबेल्यात जायचं असतं. घोड्यांना वैरण घालायची राहिलीय म्हणतात. घोडे केव्हाच मेले, बाबांची नोकरी संपूनही जमाना झाला. पण त्यांना धरून पुन्हा पलंगावर आणायला मीच आहे, आणि मीही आता साठीला आले.

माझा भाऊ बॅरी रविवारी येतो, जेवतो आणि सल्ला देऊन जातो. या वेळचा सल्ला मात्र मला पटला. बाबा राजवाड्याचे गाडीवान होते. त्या नोकरीची आठवण म्हणून कपाटावर एक पेटी आहे. नाताळची शुभेच्छापत्रं, आई गेली तेव्हा राजवाड्याकडून आलेलं सांत्वनाचं पत्र, गणवेशाची मुकुट कोरलेली बटणं, आणि एका राजकुमारीच्या लग्नातल्या केकची पांढरी डबी. आत दारूत मुरवलेल्या सुक्या मेव्याच्या केकचा तुकडा तसाच, वाळून दगड झालेला.

"पत्रं लिलावात ढिगानं येतात गं, ताई," बॅरी म्हणाला. "पण केकचा फोटो बघून लिलाववाल्या पेल्हॅमसाहेबांची लाळ गळायची बाकी होती. त्या पैशांत रात्रीची नर्स ठेव आणि झोप काढ."

झोप म्हटल्यावर मला रडूच आलं. झोपेसाठी मी राजमुकुटसुद्धा विकला असता. बाबाही हो म्हणाले.

शनिवारी दुपारी मी पेटीतल्या वस्तू पुसत बसले होते. बाबा खुर्चीतून बघत होते.

"ती डबी नको देऊस, पोरी."

"बाबा, आता पुन्हा सुरू नका करू."

"पत्रं दे, बटणं दे. पण तो केक राजवाड्याचा नाहीच. तुझ्या आईचा आहे."

मला वाटलं, झालं, भरकटले. पण त्यांची नजर अगदी स्वच्छ होती.

"तबेल्याच्या वर राहणाऱ्या प्रत्येकाला एकेक डबी मिळाली होती," ते म्हणाले. "ती खायची पद्धतच नाही. शेकोटीवरच्या फळीवर शोभेला मांडायची. शेजारची टॅपलीबाई तर रोज पुसायची, देवासारखी. आणि मी एक दिवस घोडे धुऊन वर आलो, तर तुझी आई बोटं चाटत बसलेली! तुझ्या वेळचे दिवस होते तिला. वर मलाच म्हणते, 'सिरिल, जरा कोरडाच होता हं.'"

मला हसू आवरेना.

"हसतेस काय? टॅपलीबाईला कळलं असतं तर तबेलाभर बोभाटा झाला असता. मग नाताळला हिनं तसाच केक केला आणि त्यातला तुकडा डबीत ठेवला. तो राहिला तो राहिलाच. आता तिच्या हातचं तेवढंच उरलंय."

त्यांचे डोळे भरून आले. मग म्हणाले, "पण तू फार थकलीयस. देऊन टाक. त्या पेल्हॅमला काय कळतंय?"

खरंच काय कळणार होतं? मी तुकडा हातात घेतला. खोटं कशाला सांगू, मला आधी आई आठवली नाही, नर्स आठवली.

सोमवारी बॅरी पेल्हॅमसाहेबांना घेऊन आला. त्यांनी पांढरे हातमोजे चढवले, डबी उघडली आणि बघतच राहिले.

"केक कुठंय, बाई?"

"खाल्ला."

"अरे देवा! कुणी?"

"आईनं. लग्नाच्याच आठवड्यात. मी पोटात होते, म्हणजे थोडा मीही."

"आणि फोटोत दिसतो तो?"

"तो तिनं घरी केलेला."

"ताई, तुला वेड लागलंय का?" बॅरी ओरडला. "गप्प बसायला काय झालं होतं तुला?"

पेल्हॅमसाहेब मात्र पोट धरून हसले. पत्रं आणि रिकामी डबी त्यांनी नेली. तेवढ्या पैशांत नर्स येणार नव्हती, हे सगळ्यांनाच कळत होतं. बॅरी चहा न घेताच गेला.

मी बाबांच्या खोलीत गेले. रुमालात गुंडाळलेला तुकडा त्यांच्या पायजम्याच्या खिशात होता आणि त्यावर त्यांचा हात होता.

"मग आज रात्री कोण येणार?"

"मीच, बाबा. आणखी कोण?"

ते उठून खुर्चीत जाऊन बसले.

"मग तू आत्ता झोप," ते म्हणाले. "घोड्यांकडे मी बघतो."

मी त्यांच्या पलंगावर आडवी झाले. ते खुर्चीत ताठ बसून दाराकडे बघत राहिले, आणि कित्येक महिन्यांनी मला गाढ झोप लागली.