बिनओझ्याची वाट

दसरा सरला की मनकर्णाच्या पायांना वारं लागायचं. लग्न झाल्यापासून हेच. भांडी पोत्यात, पोती ट्रकात, ट्रक उसाच्या मुलखात. यंदा पाऊस रुसला, उभा ऊस जळून गेला आणि जवळच्या सहकारी कारखान्याचा बॉयलर काही पेटणार नाही असं कळलं. ज्याला जायचं त्यानं थेट कर्नाटकात जायचं. मुकादम बंकट वस्तीत फिरून नावं घेत होता आणि मनकर्णाच्या नवऱ्यानं, बन्सीनं, त्याला आपला अर्धा कोयता सांगितला होता.

नवरा-बायको मिळून एक कोयता. अर्धा म्हणजे एकटा गडी.

हे तिला बन्सीनं सांगितलं नाही. टँकरच्या रांगेत शेजारणीनं सांगितलं. मनकर्णाचा हंडा भरून वाहिला तरी तिला कळलं नाही. दुष्काळात पाणी सांडलं म्हणून बायांनी तिला धू धू धुतलं, तेही तिला ऐकू आलं नाही.

बन्सी एकटा का निघाला, ते तिला ठाऊक होतं. फाल्गुनात डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढताना तिचा पाय निसटला आणि घोटा मोडला. पाटोद्याच्या डॉक्टरनं पावसाळाभर घरी बसवलं. पाय सुधारला. बन्सीची नजर मात्र अजून त्या फळीवरच अडकली होती. आता तो टोळीबरोबर जाणार आणि ही म्हाताऱ्यांच्या गावात, कुलपं लावलेल्या दारांच्या ओळीत, उन्हाळ्यापर्यंत बसणार. नुसत्या विचारानंच तिचा जीव उडायचा. ती अंगणात या टोकापासून त्या टोकाला जायची आणि कशाला आलो ते विसरून परत फिरायची.

एका संध्याकाळी भाकरी वाढता वाढता ती म्हणाली, "नायगावच्या मोराच्या रानात जाऊन येऊ एक दिवस."

"काय आणायला?" सासूनं, भिवराबाईनं विचारलं.

"काय न्हाई, आत्याबाई. नुसतं चालायचं."

"मंग जाता कशापायी?"

"मोर बघायला."

"परवा उकिरड्यावर आलता की मोर. तवा डोळं मिटलं व्हते का तुझं?"

बन्सी हसला नाही. "झेपल का तुला?"

"तेच बघा की. झेपतंय का न्हाई."

बन्सीला काय समजायचं ते समजलं. त्यानं ताट बाजूला सारलं. मग बोटानं जमिनीवर रेघ ओढली. "रानाच्या फाटकापासून मोर बघायच्या मनोऱ्यापतुर जायाचं. सपाट वाट हाय. टेकडी न्हाई, ओढा न्हाई. दर झाडाखाली बसायचं."

"दर झाडाखाली बसले तर मोरच यायचे मला बघायला. टेकडीला वळसा घालून जाऊ."

"मनोरा. न्हाईतर ऱ्हाऊ दे."

"बरं, मनोरा."

पहाटे मनकर्णानं भाकरी-ठेचा बांधला. मग तवा काढला, मग ताडपत्री, मग चटणीचा डबा. भिवराबाई उंबऱ्यावरून म्हणाली, "कोंबड्या ऱ्हायल्या. त्याबी घे." तेव्हा तिच्या ध्यानात आलं की हात सहा महिन्यांची बांधाबांध करतायत. तिनं सगळं परत ठेवलं. एक फडकं आणि पाण्याचा कॅन तेवढा घेतला. रानातले पाणवठे यंदा आटलेत असं ऐकलं होतं.

फाटकावर वनरक्षकानं बन्सीला थांबवलं. "पाव्हणं, ते काय हाय कमरंला?"

बन्सीनं हात मागं नेला. कोयता. घरून निघताना कधी खोचला ते त्यालाच ठाऊक नव्हतं.

"अभयारण्य हाय बाबा. लाकडं तोडाया आलाव का?"

"न्हाई वो. फिराया."

"कोयता घेऊन?" वनरक्षक हसला आणि कोयता कोपऱ्यात उभा करून ठेवला.

रान वाळलं होतं, तरी रान होतं. सालई, धावडा, मधूनच एखादा हिरवा कडुलिंब. पिसारा झडून गेलेले मोर वाटेवरून असे चालत होते जणू त्यांनाही यंदा काम नाही. बन्सीचा रिकामा हात सारखा कमरेशी जाई. आणि मनकर्णाला वाटत होतं, आपली मान हलकी होऊन वर तरंगतेय, पाय कुठं पडतोय ते कळत नाही. तिची आई जात्यावर म्हणायची:

चालून चालून बाई, वाट मुरली पायाला
बिनओझ्याचं चालणं, कुणी शिकवावं बाईला

सपाट वाटेवर ती ठेचकाळली. थोड्या अंतरावर पुन्हा.

"बघ," बन्सी थांबून म्हणाला. "म्हणलं न्हवतं मी? चल मागं."

एवढा आटापिटा करून आपणच त्याच्या हातात कारण दिलं. मग तिनं फडक्याची चुंबळ केली, डोक्यावर बसवली आणि त्याच्या हातातला कॅन घेऊन वर ठेवला. ओझं टेकलं आणि मान सरळ झाली, कंबर जागेवर आली, पाय आपसूक उचलला. ती त्याच्या पुढं निघाली.

बन्सी मागून चालला. फडात तो पुढं वाकून तोडायचा, ती मागं मोळ्या बांधायची. तिची चाल अशी पाठीमागून त्यानं कधी पाहिलीच नव्हती. मनोरा आला तेव्हा कॅनमधलं पाणी डचमळलंही नव्हतं.

सावलीत बसून त्यानं मोबाइल काढला. "बंकट, माझा अर्धा कोयता सांगितला व्हता..." तो तिच्याकडं वळला. "दुखतंय का?"

खोटं ओठांवर आलं होतं. साडीखाली घोटा ठणकत होता.

"चालताना न्हाई," ती म्हणाली. "आता बसल्यावर दुखतंय."

फोनमध्ये बंकट हॅलो हॅलो करत होता. बन्सीनं चपलेनं पाचोळा सारला, पुन्हा सारला.

"पुरा कोयता लिव्ह," तो म्हणाला. "मनकर्णा येतीया. मोळ्या खालीच बांधल ती. फळीवर मी चढणार."

तिकडून बंकट बायकोच्या वाटच्या मोळ्या वाहण्यावरून काहीतरी बोलला आणि मोठ्यानं हसला.

"हसू दे टोळीला," बन्सी म्हणाला. "तूबी हास बे." आणि फोन ठेवला.

थोड्या वेळानं तो उठला. "चल, ऊन चढायच्या आत फिरू."

मनकर्णा उठली नाही. जिंकली होती, जायचं ठरलं होतं, आणि आता कुठं तिला त्या धावड्याची साल, त्यावरून चढणारी मुंग्यांची रांग दिसायला लागली होती.

"बसा की जरा," ती म्हणाली. "ट्रक काय आजच यायचा न्हाई."