एडविनच्या गळ्यातली शिट्टी

मी एक शिट्टी. फोन आला त्या सकाळी मी नेहमीसारखी स्वयंपाकघराच्या दारामागे खुंटीवर लटकत होते. नोव्हेंबरचे धुके टेकडीवरून अर्ध्यावर उतरले होते. नोरा जाड पावात हॅम भरत होती आणि तिचा नवरा एडविन बुटांच्या नाड्या बांधत होता.

फोन शिकारी कुत्र्यांच्या क्लबाचा होता. पाडलेला पक्षी हुडकून, त्याला दात न लावता आणून देणाऱ्या कुत्र्यांची स्पर्धा हा क्लब दर वर्षी भरवतो. जागा थोड्या आणि हौशी माणसे फार, म्हणून चिठ्ठ्या टाकतात. एडविनचे नाव दर वर्षी राखीव यादीत, तेही तळाशी. यंदा वरची माणसे एकेक करून गळाली आणि शेवटी कुणाची तरी कुत्री माजावर आली, आणि माजावरची कुत्री स्पर्धेत चालत नाही.

"टीझलला जागा मिळाली," फोन ठेवून तो म्हणाला.

"म्हणजे दुसऱ्याच्या कुत्रीने तुझं नशीब उघडलं," नोरा म्हणाली. "मफलर घे. छाती भरलीय तुझी, मला इथवर ऐकू येतंय."

"मफलरमध्ये शिट्टी अडकते."

त्याने मला गळ्यात घातले. तिने पावाचा पुडा त्याच्या खिशात कोंबला. त्या दोघांचे बोलणे तेवढेच झाले.

मी हरणाच्या गळून पडलेल्या शिंगाची. डोंगराच्या कुशीत काठ्या कोरून विकणाऱ्या एका म्हाताऱ्याने मला घडवले. एडविनने मला घेतले तेव्हा त्याची कुत्री टीझल पिल्लू होती, त्याच्या कोटाच्या खिशात मावत होती. काळी, मऊ कानांची, सारखी झोपाळलेली. आठवडाभर तो शाळेची बस चालवायचा. मुलांच्या गोंगाटात कधी आवाज चढवला नाही त्याने. टीझलवरही नाही. जे सांगायचे ते माझ्यातून.

बहुतेक लोक कारखान्यातली प्लास्टिकची शिट्टी वापरतात. तिच्यावर आकडा असतो. हरवली तर त्याच आकड्याची दुसरी आणायची, सूर तोच. शहाणी माणसे दोन दोन बाळगतात. माझ्या सुराची दुसरी मात्र कुठेच नव्हती, आणि एडविनला त्याचाच अभिमान. त्याचा दोस्त ॲलेक त्यावरून त्याला सतत टोचायचा.

"पोरीला एकाच शिट्टीची सवय लावलीस, म्हाताऱ्या. ही हरवली तर काय स्वतः भुंकणार?"

"मी आहे तोवर हरवत नाही ती," एडविन म्हणायचा.

'मी आहे तोवर' हे शब्द तेव्हा कुणी उचलले नाहीत.

शिकवण्यातला अवघड धडा असा, की पक्षी कुठे पडला हे कुत्र्याने पाहिलेले नसते. ते फक्त माणसाला ठाऊक असते. कुत्रे धावत सुटते. लांब शिट्टी वाजली की असेल तिथे बसायचे आणि वळून माणसाकडे बघायचे. माणूस डावा हात वर करील तर डावीकडे, उजवा करील तर उजवीकडे. स्वतःच्या नाकापेक्षा दुसऱ्याच्या हातावर भरवसा ठेवायचा. टीझल हे शिकली तेव्हा एडविन रचलेल्या दगडांच्या गडग्यावर बसून बराच वेळ नुसता तिचे कान चोळत होता.

फोन आला त्या दिवशी त्याने तिला गाडीत ठेवले आणि पक्ष्याऐवजी वापरतात ती कापडी डमी टेकडीवर लपवून आला. चढताना तो दोनदा थांबला. खाली येऊन त्याने तिला सोडले. तिने ओढा ओलांडला, चढ घेतला. त्याने लांब शिट्टी वाजवली. टीझल बसली, वळली, त्याच्याकडे बघू लागली.

आता डावा हात वर व्हायचा होता. तो छातीशी गेला. मग एडविन कोसळला, आणि मी त्याच्याखाली सापडले.

तो जेवायला परतला नाही म्हणून नोरा ॲलेकला घेऊन निघाली. ओढ्यापलीकडे बसलेली टीझल त्यांना लांबून दिसली, म्हणून एडविनही सापडला. पाऊस भुरभुरत होता. नोराने तिला पुन्हा पुन्हा हाक मारली. ती हलली नाही. शेवटी ॲलेक वर गेला आणि तिला पट्टा लावून घेऊन आला.

एडविनला पुरल्यावर नोरा ॲलेकला म्हणाली, "तू तिला स्पर्धेत ने. एकदा धावू दे तिला. इतकी वर्षं त्याने दुसरं काही मागितलं नाही." ॲलेकने आधी स्वतःची प्लास्टिकची शिट्टी वाजवून पाहिली. टीझलने कानही हलवला नाही. मग नोराने मला खुंटीवरून काढले आणि बाहीने पुसून त्याच्या हातात दिले.

स्पर्धेच्या दिवशी टीझल सुसाट गेली. ॲलेकने लांब शिट्टी वाजवली. सूर माझाच होता. ती तत्काळ बसली आणि वळली. ॲलेकने उजवा हात वर केला. ती त्याच्या खांद्यावरून मागे बघत राहिली. त्याने हात आणखी ताणला. ती तशीच बघत राहिली.

"बोलावून घ्या तिला," परीक्षक हळूच म्हणाले. ते एडविनला ओळखत होते.

टीझलला घरी आणून सोडताना ॲलेक नोराला म्हणाला, "तिच्याशी बोलायची दुसऱ्या कुणाची सोयच ठेवली नाही त्याने. म्हटलं होतं, दुसरी शिट्टी घे म्हणून."

"दुसरी असती तरी काय झालं असतं रे," नोरा म्हणाली, आणि चहा ठेवायला वळली.

आता मी खुंटीवर असते. टीझल शेगडीजवळ पडून असते. नोरा कधी कधी मला हातात घेते, ओठांपर्यंत नेते आणि परत टांगते. ते बरे. माझ्यातून आवाज निघाला तर ही बिचारी पुन्हा उठून बसेल आणि दाराकडे बघेल.

एक गोष्ट फक्त मला ठाऊक आहे, आणि फुंकर घातल्याशिवाय मला बोलता येत नाही. ती डमी अजून टेकडीवरच आहे, टीझल बसली होती त्या जागेच्या डावीकडे, पडक्या गडग्यापाशी, वाळल्या नेच्यांत. ती आणायची राहिली.