कॉनीची आरोळी आणि सावित्रीबाईंचा गिअरबॉक्स

मुर्ध्याच्या सावित्रीबाईंना दोन गोष्टींचा राग होता: वय विचारणारी माणसं आणि मान हलवणारे मेकॅनिक. गेल्या आठवड्यात दोन्ही एकाच देहात भेटल्या. केबिन रोडच्या मेकॅनिकने त्यांच्या जीपखाली डोकं घातलं, बाहेर काढलं आणि हलवलं.

"क्लच प्लेट गेली, आजी. गिअरबॉक्स उतरवायला तीन माणसं लागतील. उमर क्या है आपकी? भंगारात द्या."

मीरा रोडच्या टॉवरमध्ये राहणाऱ्या विपुलला, म्हणजे त्यांच्या मुलाला, हा सल्ला इतका आवडला की त्याने रविवारी भंगारवालाच ठरवला.

"आणि रविवारी जीप आपल्या इंजिनावर फाटकाबाहेर गेली तर?" सावित्रीबाईंनी विचारलं.

"तर मी पुन्हा शब्द काढणार नाही, आई."

शब्द देताना विपुल हसत होता. हसत दिलेले शब्द सावित्रीबाई फार जपून ठेवत.

याच जीपवर परशुरामने, त्यांच्या नवऱ्याने, मिठागराच्या बांधावर त्यांना गाडी शिकवली होती. तो गेल्यावरही त्या चालवतच राहिल्या. आता जीप गेली की विपुलच्या गाडीत, विपुलच्या सवडीने, मागच्या सीटवर. त्यापेक्षा त्या बैलगाडीत पुढे बसल्या असत्या.

शनिवारी उत्तनहून कॉनी आली, मासे विकता विकता झालेली मैत्रीण. येताना नवऱ्याच्या, बॉस्कोच्या, होडीवरची कप्पी आणि दोर घेऊन आली. बॉस्कोला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तो स्वतःच आला असता आणि अक्कल शिकवत बसला असता.

शेडमध्ये जीपच्या चाकांखाली दोघींनी जाड ओंडके रचले. तेल बादलीत काढलं. तुळईला कप्पी टांगली, दोर जीपच्या फरशीतल्या भोकातून खाली सोडला, गिअरबॉक्सला बांधला. नट सावित्रीबाईंनीच काढले. आयुष्यभर नवऱ्याला पाने हातात देताना त्यांनी डोळे मिटलेले नव्हते. गिअरबॉक्स उतरला, प्लेट बदलली. उतरणं सोपंच असतं. त्यासाठी पृथ्वी मदतीला असते.

रविवारी सकाळी गिअरबॉक्स वर चढेना. दोघींनी जीव खाऊन ओढलं, तर अर्ध्यावर लटकला. दोर सोडवेना, ओढवेना. नेमका तेव्हाच टेम्पो फाटकाबाहेर थांबला. विपुल, भंगारवाला आणि त्याचा एक हमाल आत आले.

"आई! अगं हे काय?"

"गिअरबॉक्स. ओळख नाही का तुझी?"

"सोड तो दोर, लागेल कुणाला तरी!"

"सोडला तरच लागंल," कॉनी म्हणाली. मग तिने मान मागे टाकली आणि उत्तनच्या किनाऱ्यावर होडी ओढताना मारतात तशी आरोळी ठोकली, "हेईऽऽसा!"

आता, उत्तनला एक रीत आहे. ही आरोळी ऐकली की जवळ असेल त्याने दोराला हात लावायचा. भांडण असो, सोयरीक मोडलेली असो, आधी होडी. विपुलच्या लहानपणीच्या सगळ्या मे महिन्याच्या सुट्ट्या तिथेच, कॉनीकडे, गेल्या होत्या. त्याचं डोकं अजून आक्षेप घेत होतं. हातांनी दोर धरलाही होता.

"हेईसा!" तो ओरडला आणि स्वतःच दचकला.

"अरे पकडो ना!" त्याने मागे वळून हमालाला दरडावलं. हमालाने पकडला. भंगारवाल्याने खिशातून हात काढले.

"साहब, गाडी उठाने का बोला था आपने."

"वही तो कर रहे हैं," सावित्रीबाई दोर त्यांच्यावर सोपवून जीपच्या बाजूला बसून लाकडाने गिअरबॉक्स सरळ करत म्हणाल्या. "ओढा!"

खट्. बसला.

बाकीची जुळवाजुळव होईपर्यंत दुपार झाली. भंगारवाला चहा पिऊन थांबला होता. असा तमाशा त्याला फुकट कुठे मिळणार? ओंडके काढले. सावित्रीबाई चढल्या, शेजारी कॉनी. इंजिन खोकलं, मग लागलं. पहिला गिअर पडेना. दुसराही नाही.

विपुल काही बोलणार, इतक्यात त्यांनी रिव्हर्स टाकला. तो पडला. जीप शेडमध्ये तोंड आत करूनच उभी होती. ती मागे मागे, डुलत, तुळशीला वळसा घालून फाटकाबाहेर गेली.

"आई, ही उलटी गेली!"

"तोंड कुठं पायजे ते ठरलं न्हाय," कॉनी म्हणाली.

विपुलने तोंड उघडलं, दिलेला शब्द आठवला, मिटलं.

"पहिला गिअर उद्या बघू," सावित्रीबाई म्हणाल्या. मग भंगारवाल्याकडे वळून हॉर्न दाबला. "भैया, टेम्पो हटाव. मला वळवायचीय."