सहज बसण्याचे वेळापत्रक

कुटुंबाचा फोटो अगदी सहज, मोकळा यावा यासाठी थोरलीने तीन आठवडे आधीपासून कंबर कसली होती. ती नकाशे काढणाऱ्या कचेरीत नोकरीला होती आणि आखणीची सवय घरीही सुटत नव्हती. चार वाजता चहा, सव्वाचारला जुन्या आठवणी, साडेचारला हसणे, असा तिचा कागद तयार होता. कपडे फिक्या रंगांचे, पण मुद्दाम जुळवल्यासारखे नकोत, अशी खाली टीपही होती. कागद वाचून धाकट्या भावाने सहज बसण्याची रंगीत तालीम कधी आहे असे विचारले.

या हट्टामागचे कारण तिने कोणालाच सांगितले नव्हते. बाबांनी चाळीस वर्षे फोटो स्टुडिओ चालवला. घरच्या भिंतीवर सगळे होते, आई तर प्रत्येक वयातली होती. बाबा मात्र कुठेच नव्हते, कारण ते कायम कॅमेऱ्यामागे. गेल्या वर्षी ते अकरा दिवस दवाखान्यात होते, तेव्हा एका दुपारी तिने त्यांच्या फोटोसाठी घरातली कपाटे उपसली. ओळखपत्रावरच्या नखाएवढ्या चेहऱ्याखेरीज काही हाती लागले नाही.

ठरल्या दिवशी फोटोग्राफर मुलगी आली. बाबांनी आधी तिने निवडलेल्या जागेला नावे ठेवली, मग खिडकीचा पडदा अर्धा ओढला. आईची हनुवटी दोन बोटांनी वर केली, धाकट्याचे खांदे सरळ केले आणि कॅमेरा जरा खाली धर असे सांगत त्या मुलीच्याच शेजारी जाऊन उभे राहिले. थोरलीने त्यांना हाताला धरून सोफ्यावर आणले.

"बाबा, आज तुम्ही फोटो काढायचा नाही. तुमचा काढायचाय."

"बसलोय की."

"चौथ्यांदा बसलाय."

सव्वीस फोटो निघाले. थोरलीने कॅमेऱ्याच्या पडद्यावर एकेक पाहिला आणि तिचा चेहरा उतरत गेला. सव्वीसच्या सव्वीस फोटोंत बाबांचा डावा डोळा मिटलेला होता. बाबा डोळा मारतात हे आपल्याला आजच कळले, असे धाकटा म्हणाला.

बाबा ओशाळले. बटण दाबण्याआधी फोटो काढणारा श्वास रोखतो, ते आपल्याला कळते आणि मग डोळा आपोआप मिटतो, असे त्यांनी सांगितले. आयुष्यभर उजव्या डोळ्याने कॅमेऱ्यातून पाहिले, त्याला ते तरी काय करणार. मग फोटोग्राफर मुलीने बोलता बोलता बटण दाबून पाहिले, पाठ फिरवून एकदम वळून पाहिले. धाकटा दाराआडून फोन रोखून उभा राहिला. डोळा दर वेळी वेळेवर मिटला. शेवटी बाबांनी बोटाने पापणी वर धरली. तो फोटो तर कोणाला दाखवण्यासारखाच नव्हता.

उजेड उतरू लागला होता. थोरलीने वेळापत्रकाचा कागद चुरगळला.

"एकच फोटो मागतेय, बाबा. तुम्ही दवाखान्यात होतात, तेव्हा सगळं घर धुंडाळलं मी. तुमचा एक फोटो नाही मिळाला."

बाबा आपल्या हातांकडे पाहत राहिले. आई आता कॅमेरा हातात घेऊन, चष्मा सावरत एकेक फोटो पुढे सरकवत होती. ती एका फोटोवर थांबली.

"हा द्या मोठा करून."

"अगं आई, डोळा मिटलाय त्यात."

"मिटू दे. जन्मभर हे माझ्याकडे असेच बघत आलेत. दोन्ही डोळे उघडे ठेवून बघणारा माणूस मी भिंतीवर लावून काय करू?"

पुढच्या आठवड्यात फोटो चौकटीत बसून आला. बाबांनी उजेडाबद्दल कुरकुर केली आणि खिळा दोन बोटे वर ठोकला गेला आहे असे सांगितले. थोरलीने काही न बोलता खिळा उपटला, दोन बोटे खाली ठोकला, फोटो टांगला आणि सरळ आहे का ते पाहण्यासाठी चार पावले मागे सरली. बाबा डावा डोळा मिटून तिच्याकडेच पाहत होते. आपली हनुवटी वर गेली आहे आणि खांदे सरळ झाले आहेत, हे तिच्या जरा उशिरानेच लक्षात आले. याचाही तिला वैताग आला. पण हनुवटी तिने खाली घेतली नाही.