घारकड्याखाली नाव घेऊ नये

विहिणीचा पापड वाकडा म्हणतात. माझ्या विहिणीचा पापड सरळ, भाकर गोल, बोलणंही गोड. तिच्यावर रागवायला जागाच मिळत नसे, आणि त्याचाच मला राग यायचा. कांताबाई तिचं नाव. घारकड्याच्या माथ्यावर थोड्याशा घरांची वाडी आहे, तिथं माझी शकू दिली. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यानंतरचं आमच्या घरातलं ते पहिलं लग्न, ढाणकीत दारात मांडव घालून केलं. त्यानंतर मी वाडीवर गेले ती बैलगाडीनं, लांबच्या वळणाच्या वाटेनं. कडा खालून कधी पाहिलाच नव्हता.

शकूला सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. त्यात मी कोणाचं ऐकणार नव्हते. पण त्या साली पावसानं गाडीवाट अशी तोडली की नाल्यात नुसते धोंडे उरले. कांताबाईचा निरोप आला, 'शकूले यंदा इथंच राहू द्या.' माझं टाळकं फिरलं. लेक माझी, पहिलटकरीण, आणि ही कोण ठरवणारी? निरोप घेऊन आलेल्यालाच मी उलट सांगितलं, 'म्हना, मी येऊन राह्यली. लेक घेऊनच जाईन.'

कड्याखालच्या तांड्यातले सेवादासभाऊ बाजाराला आले होते. त्यांनी मला गाडीत घेतलं आणि एका मोठ्या मोहाच्या झाडाखाली उतरवलं. "तुळसाबाई, इथून पुढं बैल नाई जात," ते म्हणाले. झाडाच्या फांद्यांना चपला टांगलेल्या होत्या. वर जाणारा अनवाणी जातो, उतरल्यावर आपला जोड काढून घेतो. कांताबाई मला घ्यायला खाली येऊन बसली होती.

"जयभीम, ईनबाई," ती म्हणाली. मी तोंडातल्या तोंडात जयभीम केला आणि लगेच मुद्द्यावर आले. ती शांतपणे म्हणाली, "लेक तुमची, हक तुमचा. पन एकदा ह्या वाटेनं चढून पाहा. माथ्यावर गेल्यावर तुम्ही म्हनसान तसं. मी एक शब्द बोलनार नाई."

"चढतो ना! कोनाले भेव दाखोता?" मी म्हटलं आणि मान वर केली. डोक्यावरचा पदर पडला तरी माथा दिसेना. काळा फत्तर सरळ आभाळात गेलेला, भेगाभेगांतून हिरवं गवत लोंबतंय, त्याच्या वर आग्यामोहोळाची पोळी ओळीनं टांगलेली, आणि त्यांच्याही वर घारी. मी भांडायला आलेली बाई, आ वासून उभी राहिले. एवढं देखणं काही आपल्या उशाशी आहे आणि आपण चुलीशी बसून म्हाताऱ्या होतो, याचं मला वाईट वाटलं. आणि याच्या टोकावर माझी लेक नांदते! मला राहवलं नाही. तोंडाशी हात धरून मी जीव खाऊन ओरडले, "शकूऽ! ए शकूऽ!"

कांताबाईचा चेहरा पडला. "नाव काहून घेतलं व, ईनबाई?"

"माही लेक हाय. नाव नाई घेऊ त काय करू?"

"इथं खालून नुसतं 'होऽ' म्हनतेत. म्हंजे आम्ही चढून राह्यलो, कोनी उतरू नका. नळीत दोन मानसं मावत नाईत. अन् नाव घेतलं का त्या मानसानं खाली याचं असते."

वर काठावर गुरं राखणारं कोणी तरी असतंच. त्यानं माझी हाक वाडीकडं पोचवली, 'शकूऽ' असं आम्हाला खालीही ऐकू आलं. थोड्या वेळानं बारीक आवाज आला, "आलीऽऽ!" तो आवाज मी झोपेतही ओळखला असता.

"उतरू नकोऽ!" कांताबाई ओरडली. "शकू, थांबऽ!" मी ओरडले. कड्यानं दोघींचे आवाज एकात एक कालवून टाकले. वरून उत्तर आलं नाही. कांताबाईनं काष्टा आवळला. "जिथं माहा पाय, तिथं तुमचा," एवढंच ती म्हणाली आणि दगडाला भिडली.

नळी म्हणजे कड्यातली उभी चीर. दोन्ही बाजूंना खडक, मधे एका माणसापुरती जागा, आणि पाय ठेवायला जुन्या लोकांनी कोरलेल्या खोबण्या, वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या. कांताबाई माझ्याहून मोठी, अंगानं काटकुळी. पण पीठ मळताना हात कसा आपोआप फिरतो, तसे तिचे हात त्या खडकावर फिरत होते. कुठं घाई नाही, कुठं अडखळणं नाही. मी धापा टाकत तिच्या टाचांकडं बघत चढत होते. एकदाच खाली पाहिलं. शेतं गोधडीच्या ठिगळांएवढी झालेली, पलीकडं पैनगंगेची रेघ. एरवी मी तिथंच बसले असते, पण माझा जीव माझ्यापाशी होताच कुठं? तो वर होता.

नळीच्या वरच्या तोंडाशी शकू दिसली. डोक्यावर गाठोडं, पाय खाली सोडलेले. उतरताना खडकाकडं तोंड करून अंग दगडाला चिकटवावं लागतं. तिचं पोट आडवं येत होतं, म्हणून ती पाठ टेकवून, बसत बसत खाली सरकली होती. आता तिचा एक पाय खोबणी शोधत होता आणि खोबणी सापडत नव्हती. वर जाता येईना, खाली येता येईना.

"माय व!" ती मला बघून म्हणाली आणि रडायला लागली.

कांताबाईचा आवाज मात्र घरात बोलावं तसा. "शकू, गाठोडं टाक. पाय माह्या खांद्यावर ठेव. हां. आता दुसरा. घाबरू नको, सासू काई पळून नाई चालली." गाठोडं माझ्या कानाजवळून खाली गेलं. शकूचा सगळा भार कांताबाईच्या खांद्यावर आला, तशी कांताबाईची टाच खोबणीत थरथरली. मी माझा तळवा त्या टाचेखाली लावला आणि होतं नव्हतं ते बळ लावून रेटून धरला. एक एक खोबणी करत कांताबाई चढत गेली आणि माझी लेक वर वर गेली. शेवटी तिचे पाय काठावरून दिसेनासे झाले, तेव्हा जीव भांड्यात पडला.

माथ्यावर तिघी गवतात बसलो. कांताबाईचा खांदा सोलून निघाला होता, चोळीला रक्त लागलं होतं. मी त्या बाईकडं बघतच राहिले. काय बाई होती! लग्न ठरल्यापासून मी हिच्यात खोट शोधत होते.

शकूनं डोळे पुसले. "माय, तू हाक मारली तशी निघाली मी. गाठोडं कवाचं बांधून ठेवलं होतं. घडीभर बसतो, मंग उतरू."

कांताबाई दिलेला शब्द पाळून गप्प होती. बोलली असती, अडवलं असतं, तर मी भांडले असते. तिच्या गप्प राहण्यानं माझी जीभच धरली.

"शकू, तू नाई येत खाली," मी म्हटलं.

"पहिलं बाळंतपन माहेरी असते ना व माय! तूच म्हने ना!" ती ओक्साबोक्शी रडू लागली. रस्ताभर मीही तेच घोकत आले होते. तिच्या डोक्यावरून हात फिरवताना मलाही रडू आलं. लेकीला माहेर हवं होतं, आणि ते देणं माझ्या हातात नव्हतं.

आमच्यात आई लेकीच्या घरी एका रात्रीवर राहत नाही. राहिली तर लेकीच्या भाकरीवर बसली म्हणून गावभर होतं. ढाणकीत काय काय बोलतील ते सगळं माझ्या कानात वाजलं. मग मी कांताबाईपुढं हात जोडले. जन्मात मी कोणा विहिणीपुढं हात जोडले नव्हते.

"ईनबाई, पोरीले खाली नेता येत नाई. बाळंतपन होईपर्यंत मलेच तुमच्या घरात राहू द्या. दळन दळीन, पानी भरीन. कोपरा पुरे."

कांताबाईनं माझे हात खाली केले. "कोपरा कायले? मागची खोली तुमची. चूल वायली, तुमची येगळी मांडून देतो, दाना-पानी तुमच्या हातात देतो. शकूचं बाळंतपन माहेरीच होईन. अन् तुम्ही बलावल्याबिगर मी त्या खोलीत पाय नाई टाकनार."

एवढं बोलून ती उठली आणि सोललेला खांदा पदरानं झाकून, खोली रिकामी करायला आमच्या आधी घराकडं निघाली.